बंद पडू पाहणारा पब रहिवाशांनी कसा राखावा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या पुष्कळ मराठी कुटुंबांच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर एखादा जुना पब असतो, आणि त्यांपैकी कित्येकांनी वर्षानुवर्षे त्याच्या आत पाऊल टाकलेले नसते. मद्याविषयीचा घरचा संकोच, आत गेल्यावर कोणाशी काय बोलावे हा प्रश्न आणि आपल्या भेटीगाठींसाठी मंडळाचा हॉल असल्याची सोय, ही त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. मात्र त्या पबवर विक्रीची पाटी लागते तेव्हा परिसरातील लोकांनी एकत्र येण्याची उरलेली शेवटची जागा बहुधा विक्रीला निघालेली असते, आणि तो परिसर आता आपलाही असतो. अशी वेळ येण्यापूर्वी आणि आल्यावर रहिवाशांनी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोठे फसगत होते, याची माहिती येथे दिली आहे. कायद्याचे तपशील इंग्लंडपुरते आहेत. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या भूसुधारणा कायद्याने रहिवाशांना निराळे आणि अधिक बळकट हक्क दिलेले आहेत, तर वेल्समध्ये येथे वर्णिलेली नोंदणीची पद्धत लागू नाही.

बंद पडण्याचे कारण आधी शोधावे

ब्रिटनमध्ये २००० साली सुमारे ६०,००० पब होते. आज ती संख्या ४५,००० च्या आसपास आली आहे. लोकांची चव बदलली, तरुण पिढी कमी पिते, अशी कारणे नेहमी सांगितली जातात व त्यांत तथ्यही आहे, परंतु तेवढ्यावर थांबल्यास उपाय सापडत नाही. प्रत्येक पबच्या मागे मालकीचा एक इतिहास असतो, आणि तो वाचता आला तरच हा पब धंदा बसल्यामुळे बंद पडतो आहे की बंद पाडला जातो आहे, हे कळते.

या इतिहासातील मोठे वळण १९८९ चे आहे. तोपर्यंत बिअर बनवणाऱ्या सहा बड्या कंपन्यांच्या मालकीचे हजारो पब होते आणि त्या पबमध्ये बहुतांशी त्याच कंपन्यांची बिअर विकली जाई. ही मक्तेदारी मोडण्यासाठी सरकारने आदेश काढला की २,००० हून अधिक पब बाळगणाऱ्या कंपनीने त्यावरील संख्येच्या निम्मे पब या बंधनातून मोकळे करावेत. हेतू स्पर्धा वाढवण्याचा होता. प्रत्यक्षात त्या कंपन्यांनी आपले पब घाऊक विकले आणि ते बिअर न बनवणाऱ्या, केवळ मालमत्ता बाळगणाऱ्या नव्या पब-कंपन्यांच्या हाती गेले. पंच टॅव्हर्न्स आणि एंटरप्राइज इन्स ही त्यांतील सर्वांत मोठी नावे. या कंपन्यांनी मोठी कर्जे काढून हजारो पब खरेदी केले, आणि २००८ च्या आर्थिक संकटानंतर ती कर्जे फेडण्यासाठी अनेक इमारती विकायला काढल्या. पब चालवणारा भाडेकरू मात्र जुन्याच कोंडीत राहिला. त्याने भाडेही द्यायचे आणि बिअरही मालक कंपनीकडूनच, बाजारभावापेक्षा चढ्या दराने घ्यायची, या व्यवस्थेला तिकडे ‘टाय’ म्हणतात. २०१६ मध्ये लागू झालेल्या पब्ज कोडमुळे इंग्लंड व वेल्समध्ये ५०० किंवा अधिक बांधील पब असलेल्या कंपन्यांच्या भाडेकरूंना ठरावीक प्रसंगी केवळ बाजारभावाने भाडे भरून या बंधनातून बाहेर पडण्याचा पर्याय मिळाला, परंतु तोपर्यंत बरेच नुकसान होऊन गेले होते.

यावर इतर ओझी चढत गेली. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमधील बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानबंदी आली. आरोग्याच्या दृष्टीने ती योग्यच होती, तरी बिअर आणि सिगारेट यांवरच चालणाऱ्या, स्वयंपाकघर नसलेल्या छोट्या पबना तिचा फटका बसला. २००८ ते २०१३ या काळात बिअरवरील कर दरवर्षी महागाईपेक्षा दोन टक्के अधिक वाढवला गेला. सुपरमार्केटमध्ये त्याच पैशांत बिअरचे कितीतरी अधिक डबे मिळत असल्याने लोक घरी पिऊ लागले. त्यानंतर कोविडची टाळेबंदी आणि २०२२ पासूनची वीज-गॅसची बिले आली. लंडन आणि दक्षिण इंग्लंडमध्ये मात्र या सगळ्यांवर मात करणारे कारण जमिनीचे आहे. पब म्हणून त्या इमारतीची जी किंमत येते, त्याहून बरीच जास्त किंमत तिचे फ्लॅट केल्यास येते, आणि त्यामुळे बऱ्यापैकी चालणारा पबही मालकाला तोट्याचा वाटू लागतो.

म्हणून पहिले काम माहिती काढण्याचे आहे. इमारतीची मालकी कोणाची, हे लँड रजिस्ट्रीतून थोडे शुल्क भरून कोणालाही पाहता येते. मागील दहा वर्षांत किती पबचालक बदलले, त्यांतील शेवटचा टायमध्ये होता का, स्वयंपाकघर चालू होते का, वरच्या मजल्यावर राहण्याची जागा आहे का, हे जुन्या गिऱ्हाइकांना विचारावे. पाच वर्षांत चार पबचालक आले आणि गेले असतील, तर दोष बहुधा गिऱ्हाइकांचा नसून कराराचा असतो, आणि असा पब बंधनमुक्त झाल्यावर उभा राहण्याची शक्यता चांगली असते. कॅम्रा या १९७१ पासून कार्यरत असलेल्या ग्राहक संघटनेने पब चालण्याजोगा आहे की नाही हे तपासण्यासाठी एक प्रश्नावली तयार केलेली आहे. पुढे कौन्सिलपुढे, म्हणजे स्थानिक प्रशासनापुढे, बाजू मांडताना तिचा थेट उपयोग होतो, म्हणून ती सुरुवातीलाच भरून ठेवावी.

पबबरोबर काय जाते, हे लिहून काढावे

हे भावनेपोटी करायचे नाही. कौन्सिलला पुरावा लागतो. पबमुळे परिसराचे सामाजिक हित साधते, असे अर्जात दाखवावे लागते आणि ‘आमचा पब फार छान आहे’ या वाक्याने ते सिद्ध होत नाही. डार्ट्सचा संघ कोणत्या वारी खेळतो, प्रश्नमंजुषेला कोण येतात, अंत्यविधीनंतर लोक कोठे जमतात, मतदान केंद्र येथे असते का, गावच्या क्रिकेट संघाचा चहा येथे होतो का, शाळकरी मुलांना भांडी घासण्याची पहिली कमाईची नोकरी येथे मिळते का, एकट्या राहणाऱ्या किती वृद्धांचे दुपारचे जेवण येथे होते, या गोष्टी नावनिशीवार नाही तरी वार आणि संख्येनिशी नोंदवाव्यात. ऑक्सफर्ड विद्यापीठातील रॉबिन डनबर यांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की ज्यांचा घराजवळ नेहमीचा पब असतो त्यांना जवळचे मित्र अधिक असतात आणि परिसराशी त्यांचे नाते अधिक घट्ट असते. हा अभ्यास कॅम्रासाठीच केलेला होता हे ध्यानात ठेवावे. तरी ज्या गावातून बँक, पोस्ट ऑफिस, दुकान आणि संध्याकाळची बस एकामागून एक गेली आहे, तेथे त्यातील निष्कर्ष पटवून द्यायला फारसे श्रम पडत नाहीत.

पबची ही बाजू नीट पाहण्यासाठी नॉर्थ यॉर्कशरमधील हडस्वेल या लहानशा गावाचे उदाहरण घ्यावे. तेथील ‘जॉर्ज अँड ड्रॅगन’ हा गावातला एकुलता एक पब २००८ मध्ये बंद पडला. गावकऱ्यांनी सहकारी संस्था काढून तो विकत घेतला आणि २०१० मध्ये पुन्हा उघडला. त्यात छोटे वाचनालय आणि दुकान आले, मागच्या जमिनीत भाजीपाल्याचे वाफे झाले. २०१६ साठी कॅम्राने त्याला देशातील सर्वोत्तम पब ठरवले. येथे वाचनालय किंवा दुकान शोभेसाठी ठेवलेले नाही. एकट्या दुकानाला ज्या गावात धंदा पुरत नाही, एकट्या पबलाही पुरत नाही, तेथे दोघांनी एकच छप्पर, एकच वीजबिल आणि एकच नोकर वाटून घेतला की दोन्ही तगतात. तुमच्या परिसरात काय कमी आहे, हा प्रश्न त्यामुळे पबच्या योजनेत पहिल्या दिवसापासून असावा. २००१ मध्ये तत्कालीन राजपुत्र चार्ल्स यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ‘पब इज द हब’ ही संस्था अशाच जोडसेवांसाठी सल्ला देते.

पाटी लागण्यापूर्वीची नोंदणी

या मार्गदर्शनातील एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर ही करावी. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने रहिवाशांना आपल्या परिसरातील पब, दुकान, सभागृह अशा वास्तूची ‘असेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू’ म्हणून नोंद करवून घेण्याचा मार्ग दिला आणि ही तरतूद सप्टेंबर २०१२ पासून लागू झाली. पुढच्याच महिन्यात लंडनच्या नन्हेड भागातील ‘आयव्ही हाउस’ या पबची नोंद झाली, व २०१३ मध्ये तेथील रहिवाशांनी तो विकत घेऊन पुन्हा सुरू केला. शेकडो रहिवासी त्याचे भागधारक झाले.

नोंदणीचा अर्ज जिल्हा किंवा बरो कौन्सिलकडे करायचा असतो आणि त्याला शुल्क नसते. तो पॅरिश कौन्सिल (गावपातळीवरील कौन्सिल) करू शकते, नोंदणीकृत संस्था करू शकते, किंवा किमान २१ स्थानिक मतदारांचा साधा गटही करू शकतो. येथे एक गोष्ट आपल्या लोकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेला भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तेथील मतदार यादीत नाव घालू शकतो, आणि त्यामुळे ब्रिटिश पासपोर्ट नसला तरी त्या २१ जणांमध्ये त्याचे नाव चालते. कामाच्या व्हिसावर आलेले अनेक जण मतदार नोंदणीच करत नाहीत. ती आधी करून घ्यावी.

अर्जासोबत नकाशावर आखलेली हद्द, मालकाचे व पबचालकाचे नाव आणि वर सांगितलेला सामाजिक उपयोगाचा पुरावा जोडावा. हद्द आखताना केवळ इमारत न घेता बाग, गाड्या लावण्याची जागा आणि मागची कोठारेही घ्यावीत, कारण मालक पुष्कळदा आधी गाड्यांची जागा वेगळी काढून विकतो आणि मग गाड्या लावायला जागाच नसल्याने पब चालत नाही असे सांगतो. पब आधीच बंद असला तरी अर्ज करता येतो; नजीकच्या काळात त्याचा असा उपयोग होत होता आणि पुढील पाच वर्षांत पुन्हा होणे शक्य आहे, हे दाखवावे लागते. कौन्सिलने आठ आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो. नोंद पाच वर्षे टिकते, आणि मुदत संपण्यापूर्वी नव्याने अर्ज करणे हे गटाचेच काम आहे. कोणीतरी ती तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवली पाहिजे.

नोंद झाल्यावर मालकाला पब विकायचा असेल तर त्याने कौन्सिलला कळवावे लागते. त्या दिवसापासून सहा आठवड्यांत स्थानिक संस्थेने ‘आम्हाला बोली लावायची आहे’ असे लेखी कळवले, तर विक्रीला एकूण सहा महिन्यांची स्थगिती मिळते. यात एक खाच आहे. नोंदणीचा अर्ज २१ जणांच्या साध्या गटाला करता येतो, पण ही सहा महिन्यांची स्थगिती मागण्यासाठी पॅरिश कौन्सिल किंवा रीतसर नोंदलेली ना-नफा संस्था लागते. सहा आठवड्यांत संस्था उभी करण्याची धावपळ टाळायची असेल तर पॅरिश कौन्सिलच्या सदस्यांशी आधीच बोलून ठेवावे.

या कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तो मालकाला रहिवाशांनाच विकण्याची सक्ती करत नाही. सहा महिने संपल्यावर मालक वाटेल त्याला विकू शकतो. पब चालू धंदा म्हणून दुसऱ्या पबचालकाला विकला, भेट दिला, वारशाने गेला किंवा कर्ज देणाऱ्या बँकेने आपल्या तारणहक्काने विकला, तर ही स्थगिती लागूच होत नाही. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेत मांडलेल्या विधेयकात रहिवाशांना खरेदीचा पहिला हक्क आणि बारा महिन्यांची मुदत देण्याची तरतूद आहे, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशी कोणता नियम अमलात आहे हे कौन्सिलकडे विचारून घ्यावे.

दुसरे संरक्षण नगररचनेच्या नियमांत आहे आणि ते बहुतेकांना माहीत नसते. मे २०१७ पासून इंग्लंडमध्ये पबचे दुकान किंवा घर करायचे असो वा तो पाडायचा असो, रीतसर परवानगी लागते. पूर्वी कित्येक बदल परवानगीवाचून होत. कौन्सिलच्या संकेतस्थळावर आपल्या पबच्या पत्त्यासाठी सूचना लावून ठेवावी, म्हणजे असा अर्ज आला की लगेच ईमेल येतो आणि हरकत नोंदवता येते. हरकतीत नाराजी कमी आणि आकडे अधिक असावेत.

परवानगी न घेता पाडणारेही असतात. लंडनच्या मेडा व्हेल भागातील ‘कार्लटन टॅव्हर्न’ एप्रिल २०१५ मध्ये विकासकाने परवानगीशिवाय जमीनदोस्त केला. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने तो होता तसा पुन्हा बांधण्याचा आदेश दिला, आणि २०२१ मध्ये तो खरोखरच पुन्हा उघडला. हे शक्य झाले, कारण वारसा म्हणून नोंदण्याच्या हालचाली आधीच सुरू असल्याने इमारतीच्या तपशिलांच्या बारीक नोंदी उपलब्ध होत्या. स्टॅफर्डशरमधील ‘क्रुकेड हाउस’ हा तिरका झुकलेला प्रसिद्ध पब ऑगस्ट २०२३ मध्ये विक्रीनंतर थोड्याच दिवसांत जळाला व दोनच दिवसांत पाडला गेला. तोही पुन्हा बांधावा अशी नोटीस कौन्सिलने पुढे काढली. या दोन्ही प्रकरणांतून घ्यायची खबरदारी साधी आहे. आपल्या पबचे आतून-बाहेरून, खिडक्या, फरशा, बारचे लाकूडकाम, भिंतीवरील अक्षरे यांसह तारीखवार फोटो आजच काढून ठेवावेत.

संस्था कशी असावी

खरेदीसाठी बहुतेक गट कम्युनिटी बेनिफिट सोसायटी, म्हणजे समाजहितासाठी चालणारी सहकारी संस्था, हे स्वरूप निवडतात. तिची नोंदणी २०१४ च्या सहकारी कायद्याखाली फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या वित्तीय नियामकाकडे होते. प्लंकेट ही १९१९ पासूनची संस्था या कामासाठी तयार नियमावली आणि सल्लागार पुरवते, व तिच्या आदर्श नियमांवर नोंदणी केल्यास काम सोपे होते. भाग कितीही घेतले तरी मत एकच असते. ज्यांनी महाराष्ट्रात साखर कारखान्याची किंवा पतपेढीची सर्वसाधारण सभा पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला उभ्या केलेल्या कारखान्याचे आणि इंग्लंडमधील रॉचडेलच्या १८४४ च्या सहकारी दुकानाचे तत्त्व एकच आहे. त्या सभांत काय बिघडते याचाही आपल्याला अनुभव असतो, आणि तोही उपयोगाचा आहे. संचालकांपैकी एक तृतीयांश दरवर्षी निवृत्त व्हावेत, मालमत्ता विकून सभासदांनी नफा वाटून घेऊ नये, आणि संचालकाच्या नातेवाइकाला काम देताना ते सभेपुढे उघड करावे, या तीन गोष्टी नियमांत पहिल्या दिवशी लिहून घ्याव्यात.

सुकाणू समितीत कोण असावे, यावर मात्र थोडा विचार करावा. वकील, हिशेबनीस, बांधकामाची जाण असलेला आणि पूर्वी पब चालवलेला असा एक एक माणूस हवा. त्यांच्याइतकीच गरज दारोदार फिरू शकणाऱ्या, सर्वांशी बोलणाऱ्या माणसाची असते. मराठी मंडळांत गणेशोत्सवाची वर्गणी, हॉलचे आरक्षण आणि दोनशे पानांचे जेवण सांभाळलेल्या व्यक्तींमध्ये हे कौशल्य भरपूर आहे. १९३२ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनसारख्या संस्था त्याच बळावर टिकल्या. शेजारच्या पबच्या समितीवर मात्र आपण क्वचितच दिसतो.

किंमत आणि पैसा

मालकाने सांगितलेली किंमत ही फ्लॅटची किंमत असण्याचा संभव मोठा असतो. पबचे मूल्यांकन त्याच्या धंद्यातून सातत्याने किती उत्पन्न निघू शकते यावर करणारा, या क्षेत्रातला अनुभवी सर्व्हेअर नेमावा आणि त्याचा अहवाल हातात आल्याशिवाय आकडा बोलू नये. वेगळा बांधकाम अहवालही घ्यावा. छत, तळघरातील ओल, जुनी वायरिंग, ॲस्बेस्टॉस, आगीपासून संरक्षण आणि खेड्यात असल्यास सांडपाण्याची टाकी यांवरच दुरुस्तीचे बहुतेक पैसे जातात. मुद्रांक कर, वकील, परवाने, पहिला बिअरचा साठा आणि सुरुवातीच्या सहा महिन्यांचे पगार या रकमा खरेदीच्या किमतीवर मिळवून मगच एकूण गरज ठरवावी. खरेदीपुरतेच पैसे जमवून किल्ली घेणारे गट बारचा पंप बसवायलाही थांबून राहतात.

पैशाचा मुख्य झरा भागविक्री हाच असतो. एका भागधारकाची किमान रक्कम गट ठरवतो, तर व्यक्तीसाठी कमाल मर्यादा एक लाख पौंड आहे. हे भाग बाजारात विकता येत नाहीत. काही वर्षांनी संचालकांच्या संमतीने आणि संस्थेकडे पैसे असल्यास मूळ रक्कम परत मिळते, व्याज माफक असते आणि धंदा बुडाल्यास रक्कम जाते. बँकेतील ठेवीप्रमाणे या पैशाला भरपाई योजनेचे संरक्षण नाही. ही गोष्ट माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ठळक छापावी, कारण निवृत्तिवेतनावर जगणारे शेजारी आपल्यावर विश्वास ठेवून रक्कम देत असतात. कम्युनिटी शेअर्स स्टँडर्ड मार्क मिळवल्यास माहितीपत्रक तज्ज्ञांकडून तपासले जाते. सभेत हात वर करून दिलेली आश्वासने हिशेबात धरू नयेत. लेखी रकमेची वचनपत्रे घ्यावीत, आणि त्यांतूनही काही गळती होईल असे समजावे. उरलेल्या रकमेसाठी समाजोपयोगी कर्ज देणाऱ्या संस्था, ऐतिहासिक इमारत असल्यास आर्किटेक्चरल हेरिटेज फंड, किंवा पॅरिश कौन्सिलमार्फत सरकारी पब्लिक वर्क्स लोन हे मार्ग आहेत. २०२१ मध्ये सुरू झालेला सरकारी कम्युनिटी ओनरशिप फंड डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. जुन्या लेखांत त्याचे नाव अजून दिसते, त्यावर योजना बेतू नये.

या पद्धतीची एक मर्यादा प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ज्या गावात निवृत्त डॉक्टर आणि वकील राहतात तेथे पाचशे पौंडांचे भाग लवकर खपतात. औद्योगिक शहरातील कामगार वस्तीत तेच अवघड होते, आणि पब सर्वाधिक गेले आहेत ते बहुधा अशाच वस्त्यांतून. तेथे किमान भाग अगदी कमी ठेवणे, हप्त्याने भाग देणे आणि कर्जाचे प्रमाण वाढवणे एवढे करता येते, पण त्याने अडचण पुरती सुटत नाही.

अशा वस्त्यांतील पब कसे टिकले, याचे वेगळे उत्तर बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक, वेस्ट ब्रॉमविच आणि हँड्सवर्थ येथे मिळते. १९६० च्या दशकात तेथील ओतशाळांत काम करणाऱ्या पंजाबी कामगारांना काही पबमध्ये वर्णावरून प्रवेश नाकारला जाई. इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध लढा दिला, फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांनी स्मेदिकला येऊन ही स्थिती पाहिली आणि त्याच वर्षीच्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा असा भेदभाव बेकायदा ठरवला. पुढे अनेक पंजाबी कुटुंबांनी बंद पडू लागलेले पब चालवायला घेतले. बार तोच राहिला, डार्ट्सचा फलकही राहिला, मागच्या बाजूला तंदूर आणि मिक्स्ड ग्रिल आले, आणि गोरे, काळे, पंजाबी असे सगळे गिऱ्हाईक एका छताखाली येऊ लागले. भागभांडवल जमवणे जेथे शक्य नाही तेथे एखाद्या होतकरू कुटुंबाला बंधनमुक्त आणि दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा मिळवून द्यायला मदत करणे, हा रहिवासी गटाचा अधिक शहाणपणाचा उद्देश ठरू शकतो.

चालवायचा कोणी

खरेदीनंतर समितीनेच बारमागे उभे राहू नये. दोन पर्याय प्रचलित आहेत. पहिला, संस्थेने इमारतीची मालकी ठेवून पब भाड्याने अनुभवी पबचालकाला द्यावा. त्यात संस्थेला ठरलेले भाडे मिळते आणि रोजची जबाबदारी पबचालकाची राहते. दुसरा, पगारी व्यवस्थापक नेमावा. त्यात धोरणावर ताबा राहतो, परंतु तोटाही संस्थेचाच. सुरुवात पहिल्या पर्यायाने करणे मला अधिक सुरक्षित वाटते. स्वयंसेवक बाग, रंगकाम, वाचनालय यांसाठी उत्तम असतात, पण शुक्रवारी रात्री अकराला बार बंद करून तळघर धुण्यासाठी ते दोन वर्षांनंतर उरत नाहीत.

परवान्याकडे खरेदीच्या करारापूर्वीच लक्ष द्यावे. २००३ च्या लायसन्सिंग कायद्यानुसार जागेचा परवाना वेगळा आणि मद्यविक्रीला जबाबदार असणाऱ्या व्यक्तीचा वैयक्तिक परवाना वेगळा असतो. परवानाधारक कंपनी दिवाळखोर झाली तर जागेचा परवाना संपुष्टात येतो आणि तो वाचवण्यासाठी हस्तांतराचा अर्ज २८ दिवसांत करावा लागतो. ही मुदत हुकली तर नवा अर्ज, शेजाऱ्यांच्या हरकती आणि नव्या अटी यांत महिने जातात. खाद्यपदार्थ ठेवणार असाल तर कौन्सिलकडे सुरू करण्यापूर्वी २८ दिवस नोंदणी करावी.

बारमध्ये काय ठेवावे याबद्दल थोडेसेच. पिंपातली ताजी एल (पारंपरिक इंग्लिश बिअर) उघडल्यावर तीन दिवसांच्या आसपास खराब होऊ लागते, म्हणून सुरुवातीला दोनच पंप पुरेत. सहा पंप लावून तीन पिंपे ओतून देण्यात शहाणपण नाही. मद्य न घेणाऱ्यांसाठी चांगली कॉफी आणि बिनअल्कोहोल बिअर असावी, आणि सकाळी दहापासून दार उघडे असावे, कारण मुलांना शाळेत सोडून परतणारे पालक आणि एकटे वृद्ध या वेळेतच येतात. आपल्यापैकी कोणी महिन्यातून एकदा मिसळ किंवा बटाटेवड्याची संध्याकाळ करायला तयार असेल तर स्वागतच आहे, फक्त त्या दिवशी नेहमीचे ‘फिश अँड चिप्स’ बंद ठेवू नयेत.

पहिल्या वर्षी संचालकांनी दर महिन्याला विक्री, पगार, वीज आणि वाया गेलेली बिअर हे चार आकडे सभासदांना कळवावेत. वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यापासून सात महिन्यांत फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीकडे जायला हवे, आणि पबचालकाच्या भाडेपट्ट्याचा फेरविचार कधी करायचा याची तारीख त्याच्याशी सही करतानाच ठरलेली असावी.